ग्रंथालय आणि एकाकी माणूस

ग्रंथालय म्हटलें म्हणजे कपाटें, त्यांतील पुस्तकें, वर्तमानपत्रांचें लांब टेबल आणि भिंतीवरची ‘शांतता राखा’ ही पाटी, इतकें चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. पुस्तक घ्यावें, नोंदवहींत सही करावी आणि घरीं जावें, एवढाच तेथील व्यवहार, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत चुकीची नाहीं. परंतु ती अपुरी आहे. सार्वजनिक ग्रंथालयाच्या इतिहासांत पुस्तकांच्या देवघेवीबरोबर आणखी एक देवघेव आरंभापासून चालत आलेली आहे, आणि ती म्हणजे माणसांच्या ओळखीची. परक्या शहरांत आलेला तरुण, नोकरींतून निवृत्त झालेला गृहस्थ, जोडीदार गमावून बसलेली वृद्ध स्त्री, अशा माणसांना ग्रंथालयानें सोबत कशी मिळवून दिली, ही हकीकत पुस्तकांच्या इतिहासाइतकीच बोधप्रद आहे.

या हकीकतीचा एक ठळक प्रारंभ अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं सांपडतो. १७२३ सालीं बेंजामिन फ्रँकलिन हा १७ वर्षांचा मुलगा बोस्टन येथील आपल्या भावाच्या छापखान्यांतून पळून या शहरांत आला. त्याच्या खिशांत थोडीं नाणीं होतीं आणि गांवांत ओळखीचें एकहि माणूस नव्हतें. चार वर्षांनीं, म्हणजे १७२७ सालीं, त्यानें आपल्यासारख्याच होतकरू मंडळींचें एक मंडळ काढलें. त्याचें नांव ‘जंटो’. आरंभींचे सभासद अवघे १२. त्यांत कोणी खिडक्यांना कांचा बसविणारा, कोणी जोडे शिवणारा, कोणी सुतार, तर कोणी दस्तऐवजांच्या नकला करणारा असे. दर शुक्रवारीं सायंकाळीं ही मंडळी जमत, एखाद्या विषयावर निबंध वाचीत आणि चर्चा करीत. चर्चेंत कोणीं हट्टानें आपलेंच म्हणणें रेटूं नये, असा नियम असून तो मोडणाऱ्यास अल्पसा दंड द्यावा लागे.

प्रत्येक बैठकीसाठीं २४ प्रश्न ठरवून ठेविलेले होते. त्यांतील एक प्रश्न विशेष लक्षांत ठेवण्याजोगा आहे. गेल्या बैठकीनंतर गांवांत कोणी गुणी परका मनुष्य आल्याचें ऐकिवांत आहे काय, त्याच्याविषयीं काय समजलें, आणि त्याला साह्य वा उत्तेजन देणें मंडळाच्या हातचें आहे काय, अशा आशयाचा तो प्रश्न होता. स्वतः परका म्हणून आलेल्या तरुणानें काढलेल्या मंडळानें परक्याची विचारपूस हें आपलें नित्यकर्म ठरवावें, यांत नवल नाहीं.

चर्चेंत पुस्तकांचे दाखले वारंवार लागत. तेव्हां सर्वांनीं आपापलीं पुस्तकें बैठकीच्या खोलींत एकत्र ठेवावीं, अशी कल्पना फ्रँकलिननें मांडली. परंतु पुस्तकांची निगा नीट राहीना, म्हणून सुमारें वर्षभरानें ज्यानें त्यानें तीं पुन्हां घरीं नेलीं. प्रयोग फसला, तरी कल्पना टिकली. १७३१ सालीं ५० वर्गणीदार जमवून, प्रत्येकाकडून आरंभीं ४० शिलिंग व पुढें दरसाल १० शिलिंग घेऊन, ‘लायब्ररी कंपनी ऑफ फिलाडेल्फिया’ या संस्थेची स्थापना झाली. ती संस्था संशोधनग्रंथालय म्हणून आजहि चालू आहे. येथें घटनांचा क्रम ध्यानांत घेतला पाहिजे. आधीं माणसें एकत्र आलीं आणि मागाहून त्यांना ग्रंथालयाची गरज भासली. स्नेहमंडळ हें ग्रंथालयाला पुढें जोडलेलें ठिगळ नव्हे. ग्रंथालयच स्नेहमंडळाच्या पोटीं जन्माला आलें.

वर्गणी देण्याची ऐपत नसलेल्या माणसापुढें मात्र हें दार बंदच होतें. तें उघडण्यास आणखी दीड शतक जावें लागलें. या कामीं अँड्रयू कार्नेगी या पोलादाच्या कारखानदाराचें नांव प्रथम घेतलें जातें. बालपणीं स्कॉटलंडांतून अमेरिकेंत आलेल्या या गृहस्थाच्या देणगींतून पहिलें ग्रंथालय त्याच्या जन्मगांवीं, डन्फर्मलिन येथें, १८८३ सालीं उघडलें. पुढें त्याच्या पैशांतून जगभर २,५०९ ग्रंथालयें उभीं राहिलीं. त्यांपैकीं १,६८९ एकट्या अमेरिकेंत होतीं. जागा गांवानें द्यावी आणि इमारतीच्या खर्चाच्या दहा टक्के इतकी रक्कम दरसाल ग्रंथालय चालविण्यासाठीं खर्च करावी, अशी त्याची अट असे. यांपैकीं कित्येक इमारतींच्या तळमजल्यावर व्याख्यानांसाठीं व सभांसाठीं एक दालन राखलेलें असे. वाचनाच्या दालनांत शांतता आणि खालच्या दालनांत संभाषण, अशी ही सोय होती. पुढील काळांत या खालच्या दालनानें मोठीं कामें केलीं.

अमेरिकेंतील हीच चळवळ पाहून महाराज सयाजीराव गायकवाड प्रभावित झाले होते. १९०६ च्या सुमारास ते अमेरिकेंत गेले होते. त्याच सालीं बडोदें संस्थानांत सर्वत्र प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्यांत आलें. लिहावयास-वाचावयास शिकलेल्या प्रजेला वाचावयास कांहीं नसेल तर शिक्षण वायां जाईल, हें त्यांनीं ओळखलें. म्हणून त्यांनीं विल्यम बॉर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास १९१० सालीं बडोद्यास आणिलें. त्यांच्या तीन वर्षांच्या कारकीर्दींत मध्यवर्ती ग्रंथालय, गांवोगांव फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या आणि खेड्यांतील वाचनालयें यांची घडी बसली. ‘लायब्ररी मिसेलनी’ हें नियतकालिक १९१२ पासून इंग्रजी, गुजराती व मराठी या तिन्ही भाषांत निघूं लागलें. गांवानें वर्गणी जमविली कीं संस्थान आपला वाटा घालीत असे. त्यामुळें वाचनालय काढावयाचें म्हणजे गांवांतील माणसांना प्रथम एकत्र बसावें लागे. फिलाडेल्फियांतील अनुभव बडोद्याच्या खेड्यांत असा निराळ्या रूपानें पुन्हां आला.

एकाकी माणसाला ग्रंथालयाचा आधार किती मोठा होऊं शकतो, याचें सर्वांत बोलकें उदाहरण न्यूयॉर्कमधील हार्लेम या भागांत आढळतें. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेच्या दक्षिण भागांतील काळे लोक जुलमाला व दारिद्र्याला कंटाळून मोठ्या संख्येनें उत्तरेकडील शहरांत येऊं लागले. घरदार, देऊळ, शेजार मागें टाकून आलेले हे लोक हार्लेमच्या दाटींत खोल्या भाड्यानें घेऊन राहत. तेथील १३५ व्या रस्त्यावर १९०५ सालीं कार्नेगीच्या देणगींतून बांधलेली ग्रंथालयाची एक शाखा होती. १९२० सालीं अर्नेस्टाइन रोझ या बाई तेथें मुख्य ग्रंथपाल म्हणून आल्या. त्या गोऱ्या होत्या. याआधीं त्यांनीं पूर्व युरोपांतून आलेल्या ज्यू निर्वासितांच्या वस्तींत काम केलें होतें. नव्या माणसाला आपलें वाटेल अशी जागा निर्माण करावयाची, तर तेथें त्याच्यासारखीं माणसें काम करतांना दिसलीं पाहिजेत, हें त्यांनीं तेथें जाणलें होतें. म्हणून कॅथरिन लॅटिमर यांच्यासारख्या काळ्या स्त्रियांना त्यांनीं आपल्या सहकारी म्हणून घेतलें.

पुढें या शाखेंत काव्यवाचन, चर्चा, चित्रप्रदर्शनें असे कार्यक्रम होऊं लागले. १९२६ सालीं आर्तुरो शॉम्बर्ग यांचा काळ्या लोकांच्या इतिहासावरील ग्रंथसंग्रह येथें आला. तळघरांतील दालनांत हौशी मंडळींनीं नाटकें बसविलीं. लँग्स्टन ह्यूज हा तरुण १९२१ सालीं कोलंबिया विद्यापीठांत शिकण्यासाठीं आला, तेव्हां हार्लेमांत उतरल्यावर थोडक्याच वेळांत तो रस्ता ओलांडून या ग्रंथालयांत गेला. नवख्या माणसांचें तेथें किती प्रेमानें स्वागत होई, याची आठवण त्यानें कित्येक वर्षांनंतरहि रोझ व लॅटिमर यांच्या नांवांनिशीं लिहून ठेविली आहे. तो पुढें थोर कवि झाला. जे कवि झाले नाहींत, त्यांच्या आठवणी कोणीं छापल्या नाहींत. परंतु त्या शाखेच्या संध्याकाळच्या बैठकींत खुर्च्या भरल्या त्या मुख्यतः अशाच माणसांनीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर या कार्याला आणखी एक वळण लागलें. १९४७ सालीं शिकागो येथें ‘ग्रेट बुक्स फौंडेशन’ स्थापन झालें. प्रौढ माणसांनीं लहान लहान गट करून अभिजात ग्रंथ वाचावे व त्यांवर बोलावें, ही तिची योजना असून तिचे अनेक गट सार्वजनिक ग्रंथालयांत भरूं लागले. १९९८ सालीं सिॲटल येथील ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनीं याच्याहि पुढचें पाऊल टाकलें. सबंध शहरानें एकाच वेळीं एकच पुस्तक वाचलें तर काय होईल, अशी ती कल्पना होती. रसेल बँक्स यांची एक कादंबरी निवडण्यांत आली. २००१ सालीं शिकागो शहरानें हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी अशाच रीतीनें वाचली. यामागील युक्ति साधी आहे. आगगाडींत समोर बसलेल्या अनोळखी गृहस्थाशीं विनाकारण बोलणें संकोचाचें होतें. परंतु त्याच्या हातीं आपण काल रात्रीं मिटलेलेंच पुस्तक दिसलें, तर बोलण्यास निमित्त मिळतें.

निमित्त ही क्षुल्लक वस्तु वाटते. पण तिच्या अभावाची किंमत कधीं कधीं प्राणांनीं मोजावी लागते. याच शिकागो शहरांत जुलै १९९५ मध्यें उष्णतेची भयंकर लाट आली. नेहमींच्या मानानें ७३९ माणसें अधिक मेलीं. मृतांत एकटीं राहणारीं वृद्ध माणसें फार होतीं. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञानें या आपत्तीचा अभ्यास केला, तेव्हां त्याला एक चमत्कारिक गोष्ट आढळली. एकमेकांस लागून असलेल्या दोन गरीब वस्त्यांपैकीं एकींत मृत्यूचें प्रमाण दुसरीच्या कितीतरी पट होतें. जेथें दुकानें चालूं होतीं, पदपथावर वर्दळ होती आणि म्हाताऱ्या माणसांना घराबाहेर पडण्यास कारण होतें, तेथें लोक वांचले. जेथें रस्ते ओसाड होते, तेथें दारें आंतून बंद राहिलीं. पुढें २०१८ सालीं याच लेखकानें दुसऱ्या एका ग्रंथांत माणसांना एकत्र आणणाऱ्या जागांचा विचार केला आणि त्यांत सार्वजनिक ग्रंथालयाला मानाचें स्थान दिलें.

त्याच वर्षीं ब्रिटिश सरकारनें एकाकीपणाच्या प्रश्नाकडे लक्ष देण्याचें काम एका मंत्र्याकडे सोंपविलें. २०२३ सालीं अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल विवेक मूर्ति यांनीं या विषयावर एक जाहीर इशारा प्रसिद्ध केला; अमेरिकेंतील सुमारें निम्म्या प्रौढांना एकाकीपणाचा अनुभव येतो, असें त्यांत म्हटलें आहे. एकटें राहणें आणि एकाकी असणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. एखादा एकटाच राहून संतुष्ट असतो, तर दुसरा भरल्या घरांतहि एकाकी असतो. परंतु ज्याला हें दुःख आहे, तो तें सहसा बोलून दाखवीत नाहीं. पोट दुखतें हें सांगण्यांत लाज नसते. मला कोणी मित्र नाहीं हें सांगण्यांत मात्र प्रौढ माणसाला अपमान वाटतो.

ग्रंथालयाचें खरें सामर्थ्य या ठिकाणीं दिसून येतें. ‘एकाकी लोकांसाठीं सभा’ अशी पाटी लावली, तर तिच्याखालून आंत जाण्यास फार थोडे धजतील. पण पुस्तक परत करण्यास गेलेल्या माणसाला, आंत कशासाठीं आलांत, असें कोणी विचारीत नाहीं. या शतकाच्या आरंभीं लिव्हरपूलच्या आसपास जेन डेव्हिस यांनीं जे वाचनगट सुरू केले, त्यांचें मर्म हेंच आहे. गटांतील माणसांनीं घरून कांहीं वाचून यावयाचें नसतें. एकजण गोष्ट किंवा कविता मोठ्यानें वाचतो, मध्यें थांबतो आणि ज्याला बोलावेंसें वाटेल तो बोलतो. गप्प बसण्यासहि पूर्ण मुभा असते. आपल्या दुःखाविषयीं बोलणें ज्याला जमत नाहीं, त्याला कथेंतील पात्राच्या दुःखाविषयीं बोलणें जमतें; आणि ऐकणारा दोन्ही समजतो.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागांतील ग्रंथालयांत तर पुस्तकहि बाजूस ठेवून एक निराळाच खेळ मांडण्यांत आला. चेंडू घरंगळत सोडून लांकडी खुंट्या पाडण्याचा बोलिंग नांवाचा खेळ तिकडे लोकप्रिय आहे. खरा चेंडू न घेतां, पडद्यावर चालणाऱ्या यंत्राच्या साह्यानें तो खेळ वृद्ध वाचकांनीं ग्रंथालयांतच खेळावा, अशी योजना झाली. शाखाशाखांचे संघ ठरले. एका शाखेंतील वृद्ध एकसारखे सदरे घालून दुसऱ्या शाखेच्या संघाशीं सामना देऊं लागले. क्लिनेनबर्ग यांनीं हा सामना प्रत्यक्ष पाहून त्याचें वर्णन केलें आहे. ग्रंथालयांत खेळ कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु ज्यांना आठवडाभर कोणीं हांक मारली नसेल, त्यांना आपला संघ आपली वाट पाहत आहे असें वाटणें, ही सामान्य गोष्ट नव्हे.

याउलट, एका दिवसाचा समारंभ कितीहि चांगला झाला, तरी त्यानें मैत्री होत नाहीं. डेन्मार्कमध्यें २००० सालीं रॉस्किल्ड येथील संगीतमहोत्सवांत ‘मानवी ग्रंथालय’ हा उपक्रम प्रथम झाला आणि पुढें तो अनेक देशांत पसरला. तेथें पुस्तकाऐवजीं जिवंत माणूसच थोड्या वेळापुरता संभाषणासाठीं मिळतो. निर्वासित, अंध, कैदेंतून सुटलेला, अशा माणसाशीं वाचकानें मोकळेपणानें बोलावें आणि मनांतील पूर्वग्रह दूर करावे, हा त्याचा हेतु आहे. तो हेतु स्तुत्य आहे आणि सफळहि होतो. पण पूर्वग्रह जाणें निराळें आणि मित्र मिळणें निराळें. अमेरिकेंतील कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनीं २०१८ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणें, केवळ ओळखीचें रूपांतर साध्या मैत्रींत होण्यास सुमारें ५० तासांचा सहवास लागतो, आणि जिवलग स्नेहास २०० तासांहून अधिक. आठवड्यास एक तास धरला, तर साध्या मैत्रीलाच जवळजवळ वर्ष लागेल. जंटोची बैठक दर शुक्रवारीं होत असे, यांतील शहाणपण या हिशेबानें कळून येतें.

म्हणूनच ग्रंथालयाच्या वेळा कमी करणें ही केवळ काटकसर ठरत नाहीं. २०१० नंतरच्या दशकांत ब्रिटनमध्यें शेंकडों ग्रंथालयें बंद पडलीं. कित्येकांचे तास घटले. पुस्तकें दुसऱ्या शाखेंतून आणतां येतात, आतां तीं घरबसल्या पडद्यावरहि वाचतां येतात. परंतु मंगळवारीं दुपारीं तीन वाजतां ठराविक खुर्चीवर बसणारा ठराविक माणूस कोठून मागवितां येत नाहीं. ग्रंथालय बंद होतें, तेव्हां असा माणूस तक्रार करीत नाहीं. तो घरीं बसतो, आणि तो घरीं बसला आहे हें कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं.

मराठी मुलखांत ही परंपरा अपरिचित नाहीं. विनायक लक्ष्मण भावे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १८९३ सालीं ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय काढलें; १८९८ सालीं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली. पुढें १९६७ च्या कायद्यानें गांवोगांवच्या ग्रंथालयांना सरकारी अनुदानाचा आधार मिळाला. अलीकडे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेंतून पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांकडे जातात. पेटी आली कीं ती उघडण्यास, पुस्तकें वांटून घेण्यास आणि आवडलें-नावडलें सांगण्यास शेजारीपाजारी एकत्र येतात. बडोद्याच्या फिरत्या पेट्यांचीच ही आठवण आहे.

तरीहि आपल्या शहरांतील अनेक वाचनालयांत एक दृश्य रोज दिसतें. सकाळीं आठ वाजतां सात-आठ निवृत्त गृहस्थ एका टेबलाभोंवतीं बसतात, वर्तमानपत्रांचीं पानें एकमेकांकडे सरकवितात, आणि वर्षानुवर्षें एकमेकांचें नांवहि न विचारतां उठून जातात. ५० काय, ५०० तासांचा सहवास येथें झालेला आहे. उणीव आहे ती केवळ निमित्ताची. दुपारच्या वेळीं घरकामांतून मोकळ्या झालेल्या स्त्रिया कादंबरी बदलून पायरीवरूनच परत फिरतात. त्यांच्यासाठीं फार मोठा खर्च करावा लागत नाहीं. एक दालन, आठवड्यांतील एक ठरलेली वेळ, मोठ्यानें वाचणारें एक माणूस आणि चहाचे कांहीं कप, एवढी सामग्री पुरेशी आहे. मात्र ती वेळ पावसाळ्यांत, सुटींत आणि श्रोते तिघेच असतांनाहि चुकतां कामा नये.

याखेरीज आणखी एक गोष्ट लागते, आणि ती अंदाजपत्रकांत मांडतां येत नाहीं. ग्रंथपालानें, किंवा गटांतील कोणाहि जुन्या माणसानें, दोन गोष्टींकडे लक्ष ठेविलें पाहिजे : गेल्या आठवड्यांत नवीन कोण आलें, आणि नेहमीं येणारें कोण आलें नाहीं. पहिल्याला बसावयास जागा करून द्यावी आणि दुसऱ्याच्या घरीं निरोप पाठवावा. हें जेथें घडतें, तेथें पुस्तकांची संख्या थोडी असली तरी चालते. आणि जेथें घडत नाहीं, तेथें कपाटें कितीहि भरलेलीं असलीं, तरी आंत आलेला एकाकी माणूस तितकाच एकाकी होऊन बाहेर पडतो.